ताऱ्यांच्या रेषा आणि कोनमापक

एकाच छायाचित्रावरून तीन गटांनी पृथ्वीच्या एका फेरीचा काळ काढला. पहिल्या गटाचे उत्तर आले २७ तास २६ मिनिटे, दुसऱ्याचे २० तास ५२ मिनिटे आणि तिसऱ्याचे बरोबर २४ तास. शाळेतील मुलांच्या एका आकाशदर्शन शिबिरातील ही गोष्ट आहे. तिसऱ्या गटासाठी टाळ्या पडल्या. मी त्यांची वही मागून घेतली, तेव्हा कोनाच्या रकान्यात २० हा आकडा होता आणि त्याच्याखाली खोडरबराने पुसलेला दुसराच आकडा पुसटसा दिसत होता. पहिल्या दोन गटांतील मुले मात्र हिरमुसून बसली होती. वास्तविक त्यांनी कोन अगदी नीट मोजले होते; मी स्वतः ते पुन्हा मोजून पाहिले. पहिल्या गटाने निवडलेला तारा ८० मिनिटांत साडेसतरा अंश सरकला होता आणि दुसऱ्या गटाचा तारा २३ अंश. पृथ्वी काही एका ताऱ्यासाठी सावकाश आणि दुसऱ्यासाठी घाईने फिरत नाही. मग गफलत कुठे झाली?

ती शोधण्यापूर्वी कॅमेऱ्याचे शटर दीर्घकाळ उघडे ठेवले म्हणजे नेमके काय घडते, ते पाहू.

आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या-पंधराव्या भागात आलेल्या प्रकाशाचा तो हिशेब करतो आणि पाटी पुसून पुन्हा सुरुवात करतो. छायाचित्रणाची काच, फिल्म किंवा आजच्या कॅमेऱ्यातील संवेदक पाटी पुसत नाही. शटर उघडे असेपर्यंत आलेला सगळा प्रकाश त्या त्या जागी जमा होत राहतो. त्यामुळे छायाचित्र म्हणजे गोठवलेला क्षण, ही आपली समजूत तशी ढिलीच आहे; छायाचित्र ही प्रत्येक वेळी एक बेरीज असते, फक्त १/५०० सेकंदाची बेरीज क्षणासारखी भासते. दागेअरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा उद्भासनाला काही मिनिटे लागली. रस्त्यावरची माणसे आणि गाड्या कुठेच पुरेशा न थांबल्यामुळे बेरजेत उतरल्याच नाहीत. रस्ता निर्मनुष्य दिसतो. अपवाद एकच, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस!

खगोलशास्त्रज्ञांनी हाच गुण हेरला. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपरने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे ५१ मिनिटांच्या उद्भासनाने छायाचित्र घेतले. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमनने त्याच तेजोमेघाच्या चित्रात असे तारे टिपले, की जे दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते. पण या दोघांची दुर्बीण यंत्राच्या साहाय्याने ताऱ्यामागोमाग वळत होती, हे ध्यानात घ्यायला हवे. तिवईवर खिळून बसलेल्या आपल्या कॅमेऱ्याचे तसे नाही.

हौशी छायाचित्रकार इथेच फसतात. वेळ वाढवला की अंधुक तारेही येतील, असे त्यांना वाटते. हिशेब करून पाहा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वैषुविक वृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. १८ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगामागे ही सरक सेकंदाला सुमारे ०.००१३ मिलिमीटर होते. संवेदकाचा एक चौकोन, म्हणजे पिक्सेल, ०.००४ मिलिमीटरचा असेल, तर तारा तीनच सेकंदांत शेजारच्या घरात जातो. त्यानंतर शटर तासभर उघडे ठेवले, तरी मूळ घराला त्या ताऱ्याकडून काहीही मिळत नाही. रेष लांब होते, उजळ होत नाही. आकाशाची पार्श्वभूमी मात्र जागची हलत नाही, त्यामुळे गावातील दिव्यांचा उजेड त्याच घरात मिनिटामागून मिनिट साचत राहतो आणि चित्र पांढुरके होऊन जाते. अंधुक तारे हवे असतील तर वेळ नव्हे, भिंगाचे छिद्र मोठे करायला हवे.

रेषा नकोत, तारे ठिपक्यांसारखे हवेत, असे वाटणाऱ्यांसाठी एक प्रचलित नियम आहे: ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा, तितके सेकंद शटर उघडे ठेवा. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० सेकंद. वरच्याच रीतीने गणित केले, तर या नियमाने कोणत्याही भिंगात ताऱ्याची सरक सुमारे ०.०३६ मिलिमीटर येते. ३५ मिलिमीटर फिल्मवर ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा धूसरपणा खपवून घेण्याची पद्धत होती, त्याच्या ती जवळपास आहे. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही सरक सहज दिसते, म्हणून नियम जुना झाला असे समजून वेळ आणखी कमी करावा.

आपल्याला अर्थात रेषाच हव्या आहेत. पूर्वी शटर 'बी' वर ठेवून, केबल रिलीजचा खिळा आवळून तासभर वाट पाहावी लागे. ('बी' म्हणजे बल्ब, जुन्या कॅमेऱ्यांचे शटर रबरी फुगा दाबून उघडत, त्याची ही खूण.) शिवाय फिल्मचे एक दुखणे असे, की मंद प्रकाशात वेळ दुप्पट केला तरी परिणाम दुप्पट होत नाही. कार्ल श्वार्त्सशिल्डने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात याचा पद्धतशीर अभ्यास केला होता. डिजिटल संवेदकाला हे दुखणे नाही. त्याला उष्णतेचे आहे. काळोखातही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रकाश म्हणून मोजले जातात. तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी वाढले, की त्यांची संख्या दुप्पट होते. मे महिन्यापेक्षा डिसेंबरची रात्र बरी, ती केवळ निरभ्र असते म्हणून नव्हे.

म्हणून आता एकच लांब उद्भासन न घेता ३० सेकंदांची अनेक चित्रे लागोपाठ घेतात आणि संगणकावर प्रत्येक जागचा सर्वांत उजळ बिंदू निवडून एकत्र करतात. रेषा जोडल्या जातात, आकाशाचा उजेड साचत नाही. छिद्र एफ २.८ किंवा ४, आयएसओ ८०० च्या आसपास, भिंगाची जुळणी हाताने अनंतावर. कॅमेऱ्यातील 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' ही सोय आठवणीने बंद करावी. ती चालू असेल, तर प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तितकाच वेळ झडप मिटून बसतो आणि रेषेच्या जागी तुटक टाके उमटतात. पहिले चित्र सुरू झाल्याची आणि शेवटचे संपल्याची वेळ घड्याळावरून लिहून ठेवावी. मापनाच्या दृष्टीने चित्राइतकेच महत्त्व या दोन आकड्यांना आहे. ज्या मोबाइल फोनमध्ये शटरचा वेळ हाताने ३० सेकंदांपर्यंत ठरवता येतो, त्यावरही हे काम होते. फोन विटांच्या आधाराने पक्का बसवला म्हणजे झाले.

आता मोजणी. चित्र मोठे छापून घ्यावे. सगळ्या रेषा ज्या बिंदूभोवती वळतात, तो खगोलीय ध्रुव. ध्रुवतारा म्हणजे तो बिंदू नव्हे. तो त्यापासून सुमारे ०.६ अंश दूर आहे. भिंग ५० मिलिमीटरचे असेल, तर दोन तासांत 'अढळ' ध्रुवानेही काढलेली छोटीशी कमान चित्र मोठे करून पाहता दिसते. मुलांना ती अवश्य दाखवा. खरा केंद्रबिंदू भूमितीने काढावा: दोन कमानींच्या जीवा आखायच्या, त्यांचे लंबदुभाजक काढायचे, ते छेदतील तो मध्य. वर्गात फळ्यावर सिद्ध केलेले प्रमेय इथे कामाला येते. मग एका कमानीची दोन टोके त्या बिंदूला जोडून कोन मोजायचा. तासाला सुमारे १५ अंश, म्हणजे चार मिनिटांना एक अंश, असे उत्तर यायला हवे.

शिबिरातील मुलांनी हे सगळे बिनचूक केले होते. फक्त चित्र देखणे यावे म्हणून मैदानातील वडाचे झाड मधोमध धरले होते आणि ध्रुवतारा चौकटीच्या डाव्या कडेजवळ, भिंगाच्या अक्षापासून जवळजवळ ३० अंशांवर गेला होता.

टॉर्च घेऊन भिंतीसमोर उभे राहा. झोत भिंतीवर सरळ पाडला तर वर्तुळ उमटते, तिरका पाडला तर लंबवर्तुळ. तारे ध्रुवाभोवती फिरताना त्यांचे किरण कॅमेऱ्याशी असाच शंकू करतात आणि संवेदकाची सपाट भिंत त्याला छेदते. ध्रुव चौकटीच्या मध्यावर असेल तर छेद वर्तुळच असतो आणि कोनमापक खरे बोलते. ध्रुव कडेला गेला की वर्तुळे आडवी ताणली जातात. अक्षापासून ३० अंशांवर आडवा ताण उभ्या ताणाच्या १.१५ पट असतो. त्यामुळे ध्रुवाच्या थेट उजवीकडचा तारा २० अंश फिरला, तरी चित्रात सुमारे साडेसतराच दिसतात आणि ध्रुवाच्या थेट वर असलेल्या ताऱ्याचे २३ होतात. दोन्ही गटांचे आकडे नेमके हेच होते! अकरावीच्या विद्यार्थ्याने कोनाच्या टॅनला एकदा कोसाइन ३० ने गुणून आणि एकदा भागून पाहावे. (इथे ताऱ्याचा कोन मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १०-१० अंश धरायचा.)

मुलांना हे कळल्यावर पहिल्या गटातील एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, आमचे दोघांचे उत्तर चुकीचे, पण मोजणी बरोबर?" तिसरा गट गप्प होता. मी त्यांना काही बोललो नाही. चोवीस हे उत्तर आधीच ठाऊक असणे हीच या प्रयोगातली मोठी अडचण आहे आणि ती मुलांनी निर्माण केलेली नाही. पाठ्यपुस्तकाशी जुळेल त्यालाच गुण, असे आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत.

शिवाय चोवीस हे उत्तर बरोबरही नाही. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. कोनमापकाने अर्ध्या अंशाची चूक गृहीत धरली, तर ८० मिनिटांच्या रेषेवरून हा चार मिनिटांचा फरक कळणे अशक्य आहे, हेही मुलांना सांगावे. तो पाहायचा असेल तर कॅमेऱ्याची गरजच नाही. भिंतीत ठोकलेल्या कडीतून पाहत एखादा तेजस्वी तारा समोरच्या इमारतीच्या उभ्या कडेआड कधी जातो, त्याची वेळ नोंदवावी. सात दिवसांनी तोच तारा त्याच कडेआड साधारण साडेसत्तावीस मिनिटे आधी जातो.

हा प्रयोग करताना इंग्रजी पुस्तकांवर विसंबू नये. सप्तर्षी कधी मावळत नाहीत, असे त्यांत लिहिलेले असते आणि युरोपात ते खरेही आहे. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते: पुण्यात १८.५ अंश, नागपुरात २१, कोल्हापुरात १६.७. पुण्यात ध्रुवापासून साडेअठरा अंशांच्या आतले तारेच मावळत नाहीत. सप्तर्षी त्याहून दूर आहेत आणि आपल्याकडे ते खुशाल मावळतात. कॅमेरा दक्षिणेकडे वळवला, तर अगस्त्याची कमान उलट बाजूला, क्षितिजाखालच्या दक्षिण ध्रुवाभोवती वाकलेली मिळते आणि या दोहोंच्या मधोमध मृगाच्या पट्ट्यातील तारे जवळजवळ सरळ रेषा काढतात.

दुसऱ्या रात्री मुलांनी ध्रुवतारा चौकटीच्या बरोबर मध्यावर घेतला. झाड चित्रात आले नाही, याची दोघा-तिघांना हळहळ वाटली. दोन तासांची रेष घेतली. सकाळी तिसऱ्या गटाने वहीत लिहिले: कोन साडेएकोणतीस अंश, काळ २४ तास २४ मिनिटे. खाली पेनाने ओळ होती, 'अर्धा अंश इकडे-तिकडे'.