चोळी-बांगडीला दिलेलं बेंगळुरू

इंदिरानगरच्या उत्तर कडेनं जुना मद्रास रस्ता जातो. हलसूरकडून निघून तो कृष्णराजपुरम ओलांडतो, होसकोट्याला पोचतो आणि पुढे कोलारला. बेंगळुरू, होसकोटे, कोलार ही नावं ओळीनं घेतली की मला एक हरवलेला मुलूख दिसू लागतो. दोड्डबळ्ळापूर आणि सिरा मिळवले की तो जवळजवळ पुरा होतो: शहाजीराजांची कर्नाटकातली जहागीर!

विजापूरच्या रणदुल्लाखानानं 1638च्या सुमारास केंपेगौडांकडून बेंगळुरू घेतलं आणि या घाटमाथ्याचा कारभार शहाजीराजांकडे आला. मुलूख अगदी सीमेवरचा. कन्नड, तेलुगू आणि तमिळ प्रदेश इथे एकमेकांना भिडतात. पश्चिमेला श्रीरंगपट्टणचे वडियार टपलेले. शिवाजीराजेही लहानपणी काही काळ इथे होते. आणि दरबार कसला होता! जयराम पिंड्ये या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’त तो रंगवला आहे. संस्कृतासह कितीतरी भाषांतले कवी तिथे राजांपुढे रचना म्हणतात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1922 साली हा ग्रंथ छापला, म्हणून तो आपल्या हाती आहे.

1664 मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. जहागीर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे आली. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला त्यांनी 1669 मध्ये एक अख्खं गाव इनाम दिलं. मेदरनिंगनहळ्ळी हे त्या गावाचं नाव आणि ते शिलालेखात कोरलेलं आहे. वडिलांचा मुलूख मुलगा कसा सांभाळत होता, हे त्या एका दगडावरून कळतं.

पुढे व्यंकोजींनी तंजावर घेतलं आणि तिथेच राहिले. 1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले ते वडिलांच्या दौलतीतला वाटा मागत. भावाभावांत लढाईपर्यंत गेलं, मग समेट झाला. त्या तहाची कलमं बखरींत आली आहेत आणि त्यातल्या एका कलमानं मी दर वेळी थक्क होतो. बेंगळुरू, होसकोटे आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी दिला आहे! आज दोन लाखांचा मुलूख, नीट बंदोबस्त ठेवला तर पाच लाखांचा होईल, असा हिशेबही सोबत आहे. वर, हा हक्क पुढे मुलींकडे चालावा. सतराव्या शतकात एका स्त्रीच्या आणि तिच्या लेकींच्या नावे एवढा प्रदेश लिहावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. समेट घडवण्यात दीपाबाईंच्या शहाणपणाचा मोठा वाटा होता, असं परंपरा सांगते. मला ते पटतं.

1686 मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि ज्या सत्तेच्या नावानं जहागीर चालत होती तीच संपली. तंजावरहून एवढ्या दूरचं ठाणं राखणं जड होतं. व्यंकोजींनी बेंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाख रुपयांना विकायचं ठरवलं. सौदा पुरा होण्याआधीच, जुलै 1687 मध्ये, मोगल सरदार कासिमखान शहरात शिरला. त्यानंही ते चिक्कदेवराजांनाच दिलं, तीन लाखांतच.

होसकोटे, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर मात्र मोगलांच्या सिरा सुभ्यात गेले. म्हणजे बेंगळुरूहून पूर्वेला निघालेला माणूस पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत दुसऱ्या राज्यात पाऊल टाकत असे. ही सीमा पाऊणशे वर्षं टिकली. मग 1761 मध्ये हैदरअलीनं निजामाचा भाऊ बसालतजंग याच्याशी संधान बांधून होसकोटे आणि सिरा घेतले.