हातब्रेकची दुरुस्ती

टी. नरसीपूरला कावेरी आणि कपिला एकत्र येतात. संगमाकडच्या उतारावर जुनी मोटार उभी करायची, तर भिस्त हातब्रेकवर. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला तयार झालेल्या ‘एमजीए’ या दोन आसनी गाडीत तर हा दांडा उलट्या रीतीचा असतो. इतरत्र बटण दाबले की दांडा सुटतो. येथे तो अडकतो, आणि किंचित वर ओढताच आपोआप सुटतो. दुरुस्तीपूर्वी एवढे ठाऊक असावे.

गाडी खरोखरच घसरू लागली, की पाना प्रथम तारेकडे वळतो. चूक होते ती तिथेच. तार मागच्या चाकांच्या ड्रममधील ब्रेकशू दाबते. शूचे अस्तर झिजले असता नुसती तार आवळली, तर झीज झाकली जाते आणि शू घासून तापण्याचे भय राहते. म्हणून सपाटीवर पुढच्या चाकांना दगड लावावेत, मागचा भाग उचलून पक्क्या टेकूंवर ठेवावा. केवळ जॅकवर विसंबू नये. दांडा सोडून ड्रममधील स्क्रू चाक अडेपर्यंत फिरवावा, मग चाक मोकळे फिरेल इतपतच सैल करावा. बहुधा तेवढ्यानेच भागते. तारेचे धागे तुटले असतील, तर मात्र ती बदलणेच बरे. अस्तरावर तेल आले असेल, तर आधी गळती थांबवावी. उतारावरची पहिली परीक्षा चालक आत बसलेला असतानाच घ्यावी.