बाराशे मीटर

सकाळी 6.10. बदलापूर. रेल्वेचा कीमन, म्हणजे रोज पायी रूळ तपासणारा माणूस, सामान उचलतो. हातोडा, पाना, जादा चाव्या, दोन लाल झेंडे, एक हिरवा, शिट्टी. डब्यात दहा फटाके. रुळाला बांधायचे, चाक वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. प्रत्येकावर साल छापलेलं असतं. तो दहाही उलटून बघतो. बूट स्वतःचे, बाजारातून साडेतीनशेला घेतलेले.

6.40. वांगणीच्या दिशेने चालणं सुरू. नजर खाली. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी चावी सैल दिसली की हातोड्याचा एक घाव. "आवाजावरून कळतं," तो म्हणतो. ओल्या खडीवर पाऊल सरकतं, खांद्यावरची पिशवी पाठीला लागते.

7.25. मुंबईकडची लोकल. तो आधीच बाजूला उभा आहे. दारात माणसं लोंबकळतायत, एकाचा पाय हवेत. त्याला लेट मार्कची धास्ती, खाली उभ्या असलेल्याला त्या पायाची.

8.50. चहा, दहा रुपये. रूळ तुटलेला दिसला तर पहिलं काय करता, दादा?

"पळायचं."

कुठे पळायचं हेही ठरलेलं आहे. ज्या लाइनवर गाडी आधी येणार, त्या दिशेला, लाल झेंडा दाखवत. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशेवर तीन, दहा-दहा मीटर सोडून. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी हे बाराशे मीटर पाऊण मिनिटात कापते. माणसाला तेवढंच अंतर खडीवरून पळायचं असतं.

भीती नाही वाटत?

"वाटते की. पळून झाल्यावर. मग बसतो जरा."

वांगणीचं नाव निघालं की मयूर शेळके आठवतातच. पॉइंट्समन. 17 एप्रिल 2021. अंध आईबरोबर चाललेला मुलगा फलाटावरून रुळावर पडला, समोरून उद्यान एक्सप्रेस. शेळक्यांनी धावत जाऊन त्याला वाचवलं. आपल्यालाही धोका आहे असं मनात आलं होतं, हे शेळक्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. रेल्वेने दिलेल्या पन्नास हजारांतले निम्मे त्यांनी त्या मुलाला दिले. कीमनला यातलं सगळ्यात आवडतं ते मनात आलेलं सांगून टाकणं. "खरं बोलला," एवढंच म्हणतो.

11.30. डबा. भाकरी, सुकट, कांदा. सातव्या वेतन आयोगानंतर रुळावरच्या माणसाला जोखमीचा भत्ता ठरला तो महिना 2,700 रुपये. म्हणजे दिवसाला नव्वद. तो हा हिशोब करत नाही, मीच केला.

2.40. पावसाने जोर धरलाय. फोनवर मेसेज: उल्हास नदी 16.50 मीटर. बदलापूरला ही इशारा पातळी, धोक्याची 17.50. 27 जुलै 2019 ला याच पट्ट्यात महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती; हजारावर प्रवासी बोटींनी काढले. तेव्हा टीव्हीवर पाणी दिसलं. कीमन पाण्याकडे फारसा बघत नाही. वाकून खडीखालचा भराव बघतो. माती वाहून गेली की वरून रूळ सरळच दिसतो, आणि खाली पोकळी.

4.45. परत. रात्रीच्या गस्तीला एक माणूस कमी आहे. तो घरी फोन लावतो: "जेवून घ्या. सकाळी येतो."

5.10. स्टेशनबाहेरच्या दुकानात बॅटरीसाठी दोन सेल. चाळीस रुपये.

"पावती घेणार?"

"मागितली तर द्यायला नको?" तो हसतो, आणि पावती खिशात घालतो.