नागरमोथा आणि चुफा : ओळख मातीखाली

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लावायच्या उटण्यात नागरमोथा असतो. वास सगळ्यांच्या ओळखीचा. पण ज्या लव्हाळ्याला आपण वर्षभर शिव्या घालत खुरपतो त्याचेच हे कंद, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. (बाजारात याच नावाखाली त्याच्या भाईबंदांचे कंदही येतात, तो वेगळा विषय.)

लव्हाळ्याचं शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस. त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा सायपरस एस्क्युलेंटस, म्हणजे स्पेनमधला चुफा. व्हॅलेन्सियाच्या परिसरात त्याची मुद्दाम शेती होते. कंद भिजवून, वाटून, गाळून ओर्चाता नावाचं दुधासारखं पेय करतात. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतही हे कंद सापडले आहेत. भारतातही या जातीची नोंद आहे. उलट लव्हाळ्याला १९७७ साली निघालेल्या जगातल्या तणांवरच्या एका मोठ्या ग्रंथात पहिला क्रमांक मिळाला.

दोन्ही गवत नव्हेत. खोड बोटांत फिरवा, तीन कडा लागतात. गवताची पेरं इथे नाहीत. दोघांना नावं दिली लिनियसने, १७५३ साली. रोटंडस म्हणजे गोल आणि एस्क्युलेंटस म्हणजे खाण्याजोगा. गंमत अशी की गोल कंद चुफाचे. लव्हाळ्याचे वेडेवाकडे, लांबट.

पुस्तकं सांगतात, लव्हाळ्याचा तुरा तांबूस-जांभळट, चुफाचा पिवळसर. मीही एवढ्यावरच भरवसा ठेवला होता. काही वर्षांपूर्वी शेजारच्या मळ्यात, विहिरीच्या सावलीत, फिकट तुऱ्याची रोपं दिसली. मी मोठ्या खुशीत चुफा म्हणून जाहीर केलं. शेजाऱ्याने विचारलं, "दादा, मग ठेवू का थोडं बांधाला?" मी हो म्हटलं. पुढच्या हंगामात ते बांधावरून कांद्याच्या वाफ्यात उतरलं. खुरपणीच्या मजुरीचा आकडा त्याने मला सांगितला नाही, हा त्याचा मोठेपणा. तुरा कोवळा होता, सावलीतला होता, म्हणून फिका होता. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

मग कुदळ घेतली. काळपट, तारेसारख्या चिवट मुळकांड्यावर एकामागोमाग एक गाठी, माळेत ओवल्यासारख्या. फोडून हुंगल्या तर थेट उटण्याचा वास. चुफाचा कंद असा ओवलेला नसतो. बारीक मुळकांड्याच्या टोकाला एकच, गुळगुळीत, आणि चवीला गोडसर, बदामासारखा. जमिनीच्या वर पाहायचंच तर पानाचं टोक पाहावं : चुफाचं हळूहळू निमुळतं होत लांब सुईसारखं, लव्हाळ्याचं एकदम आखूड टोकदार. तरी निकाल कुदळीचाच.

माळ महत्त्वाची आहे. ती अखंड असते तोवर टोकाकडचा कंद फुटतो आणि बाकीचे बरेचसे झोपून राहतात. कुळवाने किंवा रोटाव्हेटरने माळेचे तुकडे केले की झोपलेले जागे होतात. एका रोपाची दहा रोपं ती अशी. बियांवर लव्हाळा फारसा विसंबून नसतोच.

त्याची दुखरी जागा म्हणजे ऊन. कंद वर येऊन पुरते वाळले की मरतात. चुफाचं तसं नाही; त्याचे वाळवलेले कंद पुन्हा भिजवले की रुजतात. थंडीही चुफा जास्त सोसतो, म्हणून तो उत्तरेकडे कॅनडापर्यंत तण होऊन पोचला. म्हणजे माझं निदान खरं निघालं असतं, तर उन्हाळी नांगरटीचा उपाय तितका लागू पडला नसता.

शेजाऱ्याने वैशाखात खोल नांगरट करून ढेकळं तशीच उन्हात पडू दिली. पावसाळ्यात लव्हाळा पुन्हा दिसला, पण तुरळक, आणि विहिरीच्या सावलीत सगळ्यात जास्त. तिथली ढेकळं वाळलीच नव्हती. माझ्या संग्रहातल्या त्या कागदावरचं नाव मी खोडलं आहे. शेजारी आता गाठींची एक माळही चिकटवली आहे.