‘गं’ बीजाची कंठातील वाट

ऋषिपंचमीच्या पहाटे पुण्यात श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे सहस्रावधी स्त्रिया एकस्वराने अथर्वशीर्षाचे पठण करतात. आधी गकार, मग अकार, शेवटी अनुस्वार, असा ‘गं’ बीजाचा क्रम त्या उपनिषदातच सांगितला आहे. हे बीज आपल्या कंठात कसे घडते, ते भाविकांनी या पर्वकाळी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

गळ्याच्या मध्यभागी हातास लागणारा उंचवटा म्हणजे स्वरयंत्राचा दर्शनी भाग होय. नऊ कूर्चांच्या या पेटीत दोन स्वरतंतू असतात. ते दूर असता श्वास नुसता वाहतो. जवळ आले की फुप्फुसांतून येणारा वायू त्यांना कंपित करतो आणि नाद उपजतो. साधारण बोलण्यात हे कंप पुरुषांत सेकंदास शंभराहून थोडे अधिक, तर स्त्रियांत सुमारे दोनशे असतात. गळ्यावर बोटे ठेवून आधी ‘श्’ लांबवावा, मग ‘म्’. भेद बोटांनाच कळेल.

मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनाचार्यांनी आरशांच्या साहाय्याने स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले आणि 1855 साली ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. कंठ मिटला असता नाद, उघडला असता श्वास आणि मधल्या स्थितीत हकार, हे मात्र तैत्तिरीय प्रातिशाख्याने त्यापूर्वी कित्येक शतके सांगून ठेवले होते. त्या आचार्यांपाशी आरसा नव्हता. सावध कान होता.

आता ‘गं’ पाहा. गकारासाठी जिभेचा मागील भाग मृदू तालूस टेकतो व खाली तंतू कंप पावतात. जीभ सुटताच अकार मोकळा होतो. मग मृदू तालू खाली उतरतो, नाद नासिकेत शिरतो, तोच अनुस्वार.

उत्सवात ध्वनिक्षेपकावर मात करण्यासाठी ओरडल्यास हेच तंतू एकमेकांवर आदळून सुजतात, आवाज बसतो. आम्ही कीर्तनकार ज्येष्ठमध जवळ बाळगतो. त्याने घशास आराम पडतो, परंतु गिळताना स्वरयंत्राचे दार मिटत असल्याने तो रस तंतूंपर्यंत पोहोचत नाही. त्यांना हवे असते मौन आणि दिवसभर पुरेसे पाणी. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तंबाखूचे व्यसन असणाऱ्याने तर अवश्यच.

आरती खालच्या पट्टीत म्हटली, तरी ती देवापर्यंत पोहोचते.