रोटरी इंजिनाचे चेंबर का गळते

माझदाच्या जुन्या रोटरी इंजिनांत तेल गळण्याची एक ठरलेली जागा असते. इंजिन आणि त्याखालचे ऑइल पॅन, म्हणजे गॅरेजच्या बोलीतले चेंबर, जिथे एकमेकांना भिडतात तो जोड. १९७८ ते २००२ या काळात तीन पिढ्यांत निघालेल्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमध्ये ही तक्रार ओळखीची आहे. पॅकिंग बदलले, वरून सिलिकॉन फासले, तरी काही महिन्यांत गाडीखाली काळे थेंब पुन्हा दिसू लागतात. दोष बहुतेक वेळा पॅकिंगवर ढकलला जातो. खरे कारण इंजिनाच्या बांधणीत आहे आणि ते ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती टिकत नाही.

जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालले. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ साली एनएसयूशी करार केला. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरी इंजिनासाठी स्वतंत्र संशोधन विभाग उभा राहिला. मे १९६७ मध्ये दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे १२ए (११४६ सीसी) आणि १३बी (१३०८ सीसी) ही इंजिने आरएक्स-७ मध्ये बसली. चार रोटरच्या ७८७बी गाडीने १९९१ ची ल माँ शर्यत जिंकली, तेव्हा या इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दलच्या शंकांना मोठे उत्तर मिळाले.

भारतात रोटरी इंजिनाची मोटार बाजारासाठी कधी तयार झाली नाही. महाराष्ट्राचा मात्र या इंजिनाशी थेट संबंध आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे डीआरडीओची व्हीआरडीई, आणि बेंगळुरूची नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीज यांनी ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल इंजिन विकसित केले. ते बसवलेल्या निशांतचे पहिले उड्डाण एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळ झाले. लहान आकारात भरपूर ताकद आणि कमी थरथर हे या इंजिनाचे गुण विमानाला जितके उपयोगी, तितकेच स्पोर्ट्स कारलाही. गळतीचा प्रश्न मात्र कारच्या तळाशी लटकणाऱ्या चेंबरचा आहे.

नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक एकसंध ओतलेला असतो. हिंदुस्तान मोटर्सच्या अॅम्बॅसडरचे जुने १४८९ सीसीचे इंजिन घेतले, तर त्याचे चेंबर दोन लांब बाजूंनी एकाच बिडाच्या ओतकामाला चिकटते. अडचण येते ती पुढच्या-मागच्या बेअरिंग कॅपपाशी, जिथे बुचाच्या पट्ट्या बसतात. त्या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सीलऐवजी तेल परत फिरवणारे आटे असल्याने ते थोडे गळणारच, हे मिस्त्री गृहीत धरत. तरी चेंबरचा लांब जोड तुलनेने बिनघोर असे.

रोटरी इंजिनात नेमके उलटे आहे. दोन रोटरचे इंजिन पाच भाग एकापुढे एक लावून बनते: पुढची बिडाची प्लेट, अॅल्युमिनियमचे रोटर हाउसिंग, मधली बिडाची प्लेट, दुसरे हाउसिंग आणि मागची प्लेट. शिवाय सर्वांत पुढे अॅल्युमिनियमचे फ्रंट कव्हर. हे सगळे आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी आवळलेले असते. जेवणाचा पुडांचा डबा आडवा ठेवला, की त्याच्या तळाशी जसे पुडांचे सांधे ओळीने दिसतील, तसे या इंजिनाच्या तळाशी सांधे दिसतात. चेंबरची कड या सगळ्या सांध्यांवरून जाते. प्रत्येक सांधा म्हणजे दोन भागांतली बारीक पायरी, आणि प्रत्येक पायरी म्हणजे तेलाला मिळालेली वाट.

त्यात धातूंचा फरक भर घालतो. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन तापले आणि निवले, की शेजारशेजारचे भाग वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, आणि ही हालचाल चेंबरच्या जोडातल्या पॅकिंगला प्रत्येक खेपेस थोडी घासते. रोटरी इंजिनात तेलाला वंगणापलीकडचेही काम असते. रोटर आतून तेलानेच थंड होतात, त्यामुळे उष्णतेचा मोठा वाटा तेल वाहून नेते. गरम, पातळ झालेले तेल भिंतींवरून सतत खाली ओघळते आणि जोडाच्या आतल्या कडेला भिडते. वळणावर गाडी झुकली की ते एका बाजूला जोरात आदळते.

तिसरे कारण चेंबरच्या पत्र्यात आहे. चेंबर दाबून घडवलेल्या पातळ पत्र्याचे असते आणि सहा मिलिमीटरच्या लहान बोल्टांनी धरलेले असते. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये (एफडी, १९९१ ते २००२) इंजिनाचे माउंट चेंबरच्या कडेवरूनच आवळले जातात. गाडी वेग घेते, गिअर बदलतो, इंजिन मरोडा मारते आणि तो ताण माउंटमधून थेट चेंबरच्या कडेवर येतो. पत्रा लवतो, जोड किंचित उघडतो, मिटतो. तेलाला एवढे पुरे असते. एफडी पुन:पुन्हा का गळते याचे हे मुख्य कारण आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पुष्कळदा मात्र चेंबर निर्दोष असते आणि शिक्षा त्याला होते. तेल नेहमी खाली उतरते आणि वाऱ्याने मागे पसरते, म्हणून तळाशी दिसलेला थेंब वरचाही असू शकतो. मागच्या प्लेटवरच्या ऑइल फिल्टरच्या बैठकीखाली ओ-रिंग असतात, त्या कडक झाल्या की तेल मागून खाली येते. तेल मोजून सोडणाऱ्या मीटरिंग पंपाच्या बारीक नळ्या जुन्या झाल्या की ठिसूळ होऊन तडकतात. टर्बोची तेल परत आणणारी नळी, ऑइल कूलरचे जोड, चेंबरमधल्या तेलपातळीच्या सेन्सरचे पॅकिंग, मागचे ऑइल सील हे सारे संशयित. तेल कमी झाले म्हणजे गळतेच आहे, असेही नाही. रोटरच्या टोकांवरच्या अपेक्स सीलना वंगण मिळावे म्हणून हे इंजिन थोडे तेल मुद्दाम जाळते, तेव्हा डिपस्टिकवरची घट एकटी काही सिद्ध करत नाही.

म्हणून पहिले काम इंजिनाचा तळ आणि बाजू डीग्रीझरने स्वच्छ धुऊन कोरड्या करण्याचे. नंतर तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालून गाडी थोडी चालवावी आणि दिव्याच्या उजेडात वरून खाली माग काढावा. सर्वांत वरचा ओला ठिपका हा उगम. एक जागा विशेष बारकाईने पाहावी लागते: प्लेट आणि हाउसिंग यांच्या सांध्यातूनच तेल बाहेर येते आहे का. इंजिन बांधताना हाउसिंगच्या खालच्या पायांवर सीलंटचा पातळ थर द्यायचा असतो. तो राहून गेला असेल, तर चेंबर कितीही नीट बसवले तरी तेल त्या सांध्यातून झिरपणारच, आणि त्याला इंजिन पूर्ण खोलण्याखेरीज इलाज नाही.

चेंबर खोलायचे ठरले, तर ते गाडीत राहून करावे की इंजिन उतरवून, हा पहिला निर्णय. गाडीत ते पुढच्या क्रॉसमेंबरच्या अडचणीत होते. त्याहून वाईट म्हणजे वरून तेल थेंबथेंब ओघळत राहते, आणि नुकताच पुसलेला पृष्ठभाग दहा मिनिटांत पुन्हा तेलकट होतो. तेलाच्या पातळ थरावर कोणतेही सीलंट धरत नाही. इंजिन उतरवून स्टँडवर उलटे केले, की हा प्रश्नच राहत नाही. खर्च आणि वेळ वाढतो, पण दुरुस्ती टिकवायची असेल तर हाच मार्ग योग्य. गाडीतच करायचे असल्यास निदान एक पूर्ण रात्र तेल निथळू द्यावे.

जुने सिलिकॉन काढताना धारदार पोलादी पट्टीने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तेच पुढे तेलाचे पाट होतात. प्लॅस्टिकची खरवडणी आणि सॉल्व्हंट वापरावे. बोल्टांची भोके, विशेषत: अॅल्युमिनियमच्या भागातले आटे, तपासावेत, गेलेल्या आट्यांत हेलिकॉइल बसवावी. फ्रंट कव्हरच्या कागदी पॅकिंगचे टोक खाली डोकावत असेल, तर ते पृष्ठभागाशी समतल कापावे. मग सांध्यांवरून नख फिरवावे. नख अडले तर तिथे पायरी आहे. दोन वेगळ्या इंजिनांच्या प्लेटा एकत्र केल्या असतील, तर ती हमखास असते. किरकोळ पायरी सपाट तेलदगडाने उतरवता येते. मोठ्या पायरीला जास्त सीलंट लागते, हे आधीच ठरवून ठेवावे.

चेंबरची कड सपाट आहे का, हे काचेच्या जाड तुकड्यावर ठेवून लगेच कळते. आधीच्या कुणी बोल्ट जोर लावून आवळलेले असले, तर प्रत्येक भोकाभोवती पत्रा फुगलेला आढळतो. तो फुगवटाच प्लेटला टेकतो आणि मधली कड अधांतरी राहते. सपाट पोलादी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने तो बसवावा लागतो.

पत्र्याचा लवचीकपणा घालवण्याचा उपाय म्हणजे कडेखाली बसणारी जाड पोलादी पट्टी. एफडीसाठी परदेशात अशी तयार पट्टी मिळते. ती तयार करणे अवघड नाही. पोलादाचे शहर असलेल्या भिलाईत, जिथे १९५९ पासून भिलाई पोलाद कारखान्याची भट्टी पेटती आहे आणि त्याच्या आधाराने लाइट इंडस्ट्रियल एरियात लहान वर्कशॉप उभी राहिली, तिथल्या कसबी टर्नरला चेंबरच्या कडेचा नमुना देऊन प्लेट कापून, भोके पाडून, सरफेस ग्राइंडरवर घासून घेणे हे रोजच्या कामासारखेच. सहा-आठ मिलिमीटर जाडीची अशी पट्टी बोल्टांचा दाब कडेभर सारखा वाटते आणि माउंटचा ताण स्वत:वर घेते. बोल्ट तेवढ्या प्रमाणात लांब घ्यावे लागतात, आणि माउंटची उंची बदलते का, हेही पाहावे लागते.

पॅकिंग की नुसते सीलंट, यावर जाणकारांत एकमत नाही. पायऱ्यांवरून जाणाऱ्या जोडाला चांगल्या प्रतीचे, तेलाला टिकणारे सिलिकॉन सीलंट अधिक मानवते, कारण ते पायरीची पोकळी भरते. जाड मऊ पॅकिंग दबून सरकते आणि बोल्ट ढिले पडतात. सीलंटची चार-पाच मिलिमीटरची अखंड रेघ भोकांच्या आतल्या बाजूने न्यावी. प्रत्येक सांध्यावर थोडी भर टाकावी. जादा सिलिकॉन आत सांडून घट्ट झाले, तर त्याचे तुकडे तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात, आणि गळतीपेक्षा ते फार महागात पडते. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे होतात.

पुढचा टप्पा घाईने बिघडतो. एकाच ट्यूबमधले सिलिकॉन हवेतला ओलावा शोषून घट्ट होते. भिलाईच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेव्हा उन्हात ते लवकर वाळेल हा समज चुकीचा ठरतो. वरची साय धरते, आतला भाग कच्चा राहतो. पावसाळ्यात तेच काम लवकर होते. कोरड्या दिवसांत एका अहोरात्रीऐवजी दोन अहोरात्र थांबून मगच तेल भरणे चांगले. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नये.

इंजिनाच्या पोकळीतला दाब हा शेवटचा मुद्दा. झिजलेल्या सीलमधून निसटलेले वायू आत साचतात, आणि तेल भरण्याच्या नळीजवळची श्वसनवाहिनी घाणीने चोंदली, की तो दाब तेलाला सर्वांत कमजोर जोडातून बाहेर ढकलतो. चेंबर बसवण्याआधी त्या नळ्या आणि त्यांचा झडपेचा मार्ग मोकळा आहे, याची खात्री करून घ्यावी. गाडी काही दिवस चालल्यावर तळ एकदा दिव्याने तपासावा. बुचाचे किंवा कागदाचे पॅकिंग वापरले असेल, तर बोल्ट एकदा पुन्हा टॉर्कला आणावेत. सीलंट वापरले असल्यास त्यांना हात लावू नये, कारण घट्ट झालेला थर फिरवलेल्या बोल्टाबरोबर तुटतो आणि जोड तिथूनच पुन्हा उघडतो.