पदर रंगमंचावरचा आणि घरातला

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये येथे 'सीतास्वयंवर' रंगविले, तेव्हा सीताही पुरुषच होता. पुढे १९०५ मध्ये नारायणराव राजहंस मिरजेत शकुंतला होऊन उभे राहिले. वय अवघे १७. त्या बालगंधर्वांची नेसण घरंदाज स्त्रियांनीही उचलली.

रंगमंचावर शोभणारा हा पदर घरात मात्र खपत नाही. सातारा-सांगलीकडे तमाशातल्या नाच्याला टाळ्या मिळतात, यल्लम्माच्या जोगत्याला जोगवा. पण ना नाटक, ना देव, नुसतीच आवड असेल तर? तो पुरुष गप्प राहतो.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा १०३२ पुरुषांपैकी ६६ टक्क्यांनी दहाव्या वर्षाआधीच स्त्रीवेष केला होता; ८३ टक्क्यांचे कधी ना कधी लग्न झाले होते. म्हणजे ओढ बालपणीची, आणि ती उघड होईपर्यंत घरात पत्नी आलेली. ''आधी का नाही सांगितलंत?'' हा तिचा प्रश्नही रास्तच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगसूचीत स्त्रीवेष हा रोग नाही. मुलगा आईची साडी गुंडाळून आरशापुढे दिसला, तर हात उगारू नये. आज त्याला बोलता आले, तर उद्या कुणाची फसगत होणार नाही.